चैत्यपरिपाटीपासून वारसा पदयात्रेपर्यंत : अहमदाबादच्या जुन्या नगरीची जपणूक

दिनांक ८ जुलै २०१७ रोजी पोलंडमधील क्राकाव येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४१ व्या अधिवेशनात अहमदाबादच्या जुन्या तटबंदी शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. संपूर्ण शहर म्हणून हा बहुमान मिळवणारे अहमदाबाद हे भारतातील पहिले शहर होय. त्यानंतर २०१९ मध्ये जयपूरलाही तो मिळाला. समस्त भारतीयांस या घटनेचा अभिमान वाटावा हे उचितच. परंतु जैन समाजास त्यात अधिक रस असण्याचे कारण असे की, या नगरीचा जो भाग जगाने गौरविला, त्याच्या जडणघडणीत श्रावक-श्रेष्ठींचा वाटा फार मोठा आहे. हा मान आकस्मिकपणे प्राप्त झालेला नाही. त्यामागे सुमारे वीस वर्षांचे स्थानिक प्रयत्न आहेत आणि त्या प्रयत्नांतून प्रत्येक गावच्या जैन समाजाने शिकण्यासारखे बरेच काही आहे.

नगरी व नगरशेठ

साबरमतीच्या पूर्व तीरावर इ. स. १४११ मध्ये सुलतान अहमदशहा याने या नगरीची स्थापना केली. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा आणि १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद ही त्या काळाची स्मारके आजही उभी आहेत. पुढे महमूद बेगडा याने नगरीभोवती बारा दरवाजांचा तट बांधला. राज्यकर्ते बदलत गेले, तरी नगरीचा दैनंदिन कारभार, बाजारातील शिस्त आणि तंट्यांचा निवाडा ही कामे बव्हंशी महाजनांच्या, म्हणजे व्यापारी संघांच्या, हाती राहिली. या सर्व महाजनांचा मुकुटमणी तो नगरशेठ.

सतराव्या शतकातील शांतिदास झवेरी हे या परंपरेतील अग्रगण्य नाव. मोगल दरबारी रत्नांचा व्यापार करणाऱ्या या श्रावकाने आपले वजन खर्च करून तीर्थरक्षणासाठी बादशाही फर्माने मिळविली. त्यांचे नातू खुशालचंद यांची कथा तर व्यापाऱ्यांनी मुद्दाम स्मरणात ठेवावी अशी आहे. १७२५ मध्ये हमीदखानाच्या साह्यास आलेल्या मराठी फौजांनी शहर लुटण्याची तयारी केली, तेव्हा खुशालचंदांनी स्वतःच्या पेढीतून मोठी रक्कम भरून शहर वाचविले. याची उतराई म्हणून व्यापाऱ्यांनी शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे नगरशेठांच्या घराण्यास देण्याचे ठरविले. नगर वाचविणाऱ्याचे ऋण बाजाराने आपल्या वहीत नोंदविले, असाच याचा अर्थ.

महाराष्ट्रीय वाचकांस येथे आणखी एक धागा सापडेल. १७५३ मध्ये रघुनाथराव व दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्ये काही काळ ते हातचे गेले, परंतु १७५८ मध्ये पुन्हा मिळाले आणि १८१७ पर्यंत शहराचा वसूल पेशवे व गायकवाड यांच्यात वाटला जात असे. गायकवाड हवेली हे नाव त्या काळाची साक्ष देते. पुढील काळात लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी या शहराच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले होते.

पोळ म्हणजे काय?

जुन्या अहमदाबादचे हृदय म्हणजे तेथील ‘पोळ’. संस्कृतातील ‘प्रतोली’ या शब्दापासून हा शब्द आला. एक मोठे प्रवेशद्वार, त्यावर रखवालदाराची खोली, आत अरुंद गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या, मध्ये चौक आणि दोन्ही बाजूंस एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, असे तिचे स्वरूप असते. बहुधा एकाच ज्ञातीची वा व्यवसायाची कुटुंबे एका पोळेत राहत. माणेकचौकानजीकची ‘मुहूर्त पोळ’ ही सर्वांत जुनी मानली जाते.

पोळेचा स्वतःचा पंच असे व स्वतःचा निधी असे. घर विकताना पंचाची संमती लागे. विक्रीची ठरावीक रक्कम, लग्नप्रसंगीची भेट आणि दंड यांतून निधी वाढे व त्यातून दरवाजाची दुरुस्ती, रखवाली, दिवाबत्ती असा खर्च भागे. पोळेच्या चौकात देरासर व त्याच्याजवळ कोरीव ‘चबुतरा’ असे. उंच खांबावरील या सुबक घुमटीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवले जात. जीवदयेचे तत्त्व ग्रंथात न ठेवता लाकडात व दगडात उतरविल्याचे असे उदाहरण अन्यत्र क्वचितच दिसेल.

घरांची बांधणीही विचारपूर्वक केलेली असे. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यात विटांची भिंत, आत उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे ‘टांके’. पन्हाळीतून येणारे पाणी गाळून या टाक्यात सोडत व ते वर्षभर पुरवून वापरत. पाण्याचा अपव्यय टाळणाऱ्या श्रावकाच्या घरास हे साजेसेच होते.

समृद्धी आणि ओहोटी

१८४८ मध्ये दिल्ली दरवाजाबाहेर हठीसिंग देरासराची प्रतिष्ठा झाली. पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ प्रभूंचे हे बावन्न जिनालयांचे मंदिर शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी आरंभिले. परंतु त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी स्वतः देखरेख करून ते पूर्णत्वास नेले. १८८० मध्ये याच नगरीत शेठ आणंदजी कल्याणजी पेढीची रीतसर घडी बसविण्यात आली. दरम्यान १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि अहमदाबादचे कापड देशभरच्या दुकानांत पोहोचू लागले. १९०६ मध्ये मस्कती कापड महाजनाची स्थापना झाली. जुने महाजन नव्या काळाशी जुळवून घेत होते.

परंतु समृद्धीबरोबर स्थलांतरही आले. १८९२ मध्ये बांधलेल्या एलिस पुलाने नदीचा पश्चिम तीर जवळ आणला. विसाव्या शतकात सुखवस्तू कुटुंबे पालडी, आंबावाडी अशा नव्या वस्त्यांत जाऊ लागली. मोटार न शिरणारी गल्ली, वाटण्यांमुळे तुकडे झालेली घरे, १९६९, १९८५ व २००२ च्या दंगलींची भीती आणि ऐंशीच्या दशकात बंद पडलेल्या गिरण्या ही सर्व कारणे एकत्र आली. रिकाम्या हवेल्यांत गोदामे थाटली गेली. कोरीव खांब, तोड्या व झरोके उतरवून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले गेले. देरासरे मात्र जागीच राहिली. मूर्ती तेथे, आरती तेथे. परंतु पूजेस येणारा श्रावक नदीपलीकडे, अशी स्थिती अनेक पोळांत निर्माण झाली.

पदयात्रेचा आरंभ

अशा वेळी १९९६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने स्वतंत्र वारसा विभाग सुरू केला. त्याचे सल्लागार वास्तुविशारद देबाशिष नायक यांच्या प्रयत्नांतून आणि ‘क्रुटा’ या प्रतिष्ठानच्या साह्याने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी वारसा पदयात्रेचा प्रारंभ झाला. काळुपूरच्या १८२२ मधील स्वामीनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपणारी ही सकाळची फेरी सुमारे दोन-अडीच तासांची असते. मंदिरापासून मशिदीपर्यंतची वाट निवडण्यात जो विचार होता, तो दंगलींनी पोळलेल्या शहरात निश्चितच अर्थपूर्ण होता.

या मार्गावर लांबेश्वरची पोळ लागते. तेथे कवी दलपतराम यांचे घर होते. ते पडून गेल्यावर त्या जागी घराची दर्शनी बाजू उभारून ओट्यावर बसलेल्या कवींचा पुतळा बसविण्यात आला. जाणारे-येणारे त्यांच्या शेजारी सहज टेकतात, मुले खांद्यावर हात ठेवतात. पुढे काळा रामजी मंदिर, हाजा पटेलची पोळ व तेथील लाकडी कोरीवकामाचे शांतिनाथ देरासर, दोशीवाड्याच्या पोळेतील अष्टापदजी देरासर, हरकुंवर शेठाणींची भव्य हवेली, माणेकचौक आणि मुहूर्त पोळ असा क्रम आहे. मार्गावरील देरासरांची संख्या पाहता, जुन्या नगरीचा परिचय जैन परंपरेच्या परिचयावाचून पूर्णच होत नाही, हे कोणाच्याही ध्यानी यावे.

सूक्ष्म विचार केल्यास ही कल्पना आपल्या परंपरेस नवीन नाही. पूर्वीचे मुनिवर्य एखाद्या नगरीत आले की तेथील सर्व जिनालयांचे क्रमाने दर्शन घेत आणि कोणत्या पोळेत कोणत्या प्रभूंचे चैत्य आहे, याची पद्यमय नोंद करीत. तीच चैत्यपरिपाटी. अहमदाबादच्या अशा परिपाट्या उपलब्ध आहेत आणि जुन्या शहराची रचना समजण्यास त्या मोलाच्या ठरतात. श्रद्धेने पायी फिरावे, पाहिलेले लिहून ठेवावे आणि मागून येणाऱ्यास वाट दाखवावी, हे काम आपल्या साधूंनी शतकांपूर्वीच केले होते. महापालिकेच्या पदयात्रेने तोच धागा निराळ्या हेतूने पुढे नेला.

फलकामागचे काम

केवळ पाहुणे आणून पोळ वाचत नाही, हे कार्यकर्त्यांनी लवकर ओळखले. घर दुरुस्त करण्यास मालकाजवळ पैसा हवा, यासाठी हुडकोमार्फत कर्जाची सोय करण्यात आली. फ्रान्सच्या तज्ज्ञांच्या साह्याने घरांच्या नोंदी झाल्या. दोन हजारांहून अधिक इमारती वारसा यादीत आल्या. त्यांची श्रेणी ठरविण्यात आली आणि तशा खुणेचे फलक लावण्याचे काम हाती घेण्यात आले. वारसा-इमारत जपणाऱ्या मालकास विकासहक्क, म्हणजे टी.डी.आर., विकता यावेत, अशी तरतूद नियमांत झाली. जो मालक चार मजली इमारत बांधण्याचा मोह आवरतो, त्याला त्या त्यागाचा काही मोबदला मिळावा, हा यातील व्यवहारी न्याय व्यापारी मनास सहज पटण्यासारखा आहे.

खाजगी प्रयत्नही झाले. गिरणीमालक मंगलदास गिरधरदास यांचे १९२४ मधील निवासस्थान त्यांच्या वंशजांनी दुरुस्त करून ‘हाऊस ऑफ एम.जी.’ या नावाने पाहुण्यांसाठी खुले केले. खाडियातील काही हवेल्याही अशाच सावरल्या गेल्या. जुने घर म्हणजे डोक्यावरचा बोजा ही समजूत त्यामुळे थोडी तरी सैल झाली.

२०११ मध्ये शहराचे नाव युनेस्कोच्या प्राथमिक यादीत दाखल झाले. अंतिम निर्णयाच्या वेळी युनेस्कोच्या सल्लागार संस्थेने, लाकडी घरांच्या नोंदी व संरक्षणाची तजवीज अपुरी असल्याने, प्रस्ताव लांबणीवर टाकण्याची शिफारस केली होती. समितीने तरीही मान दिला. परंतु त्याबरोबर या उणिवा भरून काढण्याची जबाबदारीही सोपविली. अर्थात् मानपत्र हाती आले, तरी हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही.

समाजापुढील प्रश्न

आजही पावसाळ्यात जुनी घरे कोसळल्याच्या वार्ता येतात. फलक लावलेले घर कुलूपबंद असेल, तर फलक त्याचे छप्पर गळण्यापासून थांबवू शकत नाही. पोळ टिकली ती तिच्या पंचामुळे, निधीमुळे आणि तेथे नांदणाऱ्या कुटुंबांमुळे. म्हणून जपणुकीची कसोटी किती पाहुणे आले ही नसून, किती घरांत सायंकाळी दिवा लागतो, ही असली पाहिजे.

देरासरांच्या बाबतीत तर जबाबदारी सर्वस्वी समाजाचीच आहे. जीर्णोद्धारास नवनिर्माणाइतकेच, किंबहुना अधिक, पुण्य आपल्या शास्त्रांत सांगितले आहे. तथापि जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने कोरीव लाकूड व भित्तिचित्रे काढून सर्वत्र संगमरवर बसविण्याची घाई अनेक ठिकाणी होते. भाव शुद्ध असतो. परंतु दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात पुसला गेला, तर तो पुन्हा मिळत नाही. काम हाती घेण्यापूर्वी जाणकार वास्तुविशारदाचा सल्ला घेणे, छायाचित्रे काढून ठेवणे आणि जुन्या शिलालेखांची व धातुप्रतिमांवरील लेखांची नक्कल करून ठेवणे, एवढे तरी प्रत्येक विश्वस्त मंडळास शक्य आहे.

महाराष्ट्रातील गावोगावच्या जुन्या पेठांतही जैन मंदिरे, उपाश्रय, धर्मशाळा व पेढ्या आहेत. त्या कोणी बांधल्या, जागा कोणी दिली, प्रतिष्ठा कोणत्या साली झाली, ही माहिती आज वृद्धांच्या स्मरणात व जुन्या वह्यांत आहे. उद्या ती कोठेच नसेल. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारखा प्रसंग हा अशा नोंदींस हात घालण्याचा सर्वोत्तम मुहूर्त होय. आपल्या गावाची एक चैत्यपरिपाटी नव्याने लिहिली जावी, पाठशाळेतील मुलांनी वर्षातून एकदा वडीलधाऱ्यांसमवेत त्या वाटेने पायी फिरावे आणि प्रत्येक वास्तूपुढे थांबून तिची हकीकत ऐकावी. अहमदाबादेत पालिकेचा वारसा विभाग निघाल्यापासून जागतिक सन्मानापर्यंत एकवीस वर्षे लागली. सन्मान मिळो वा न मिळो, ती वाट प्रत्येक गावात पहिल्या पावलापासूनच सुरू होते.