काणी पडलेले कणीस आणि ताटाची जात

मक्याच्या कणसावर एक बुरशी वाढते. ती दाण्यात शिरली की दाणा फुगतो, आकार सोडतो आणि त्याचा राखाडी, चंदेरी सालीचा फोड होतो. आत काळा गर असतो. आपल्याकडे ज्वारीवर काणी पडते, तिच्याच जातकुळीतली ही. शास्त्रीय नाव उस्तिलागो मायदिस. अमेरिकेतल्या मका उत्पादकासाठी हा रोग आहे, असे कणीस तो वाया गेलेले धरतो. सीमेपलीकडच्या मेक्सिकोत मात्र त्याच कणसाला निरोगी कणसापेक्षा जास्त भाव मिळतो. तिथे त्याला ‘उइत्लाकोचे’ म्हणतात.

बुरशी एकच, पीक एकच. मग एकाचा रोग दुसऱ्याची मेजवानी कशी होते? मला या प्रश्नात चवीपेक्षा इतिहास जास्त दिसतो. कोणाचे खाणे चांगले आणि कोणाचे घाणेरडे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, त्याचा हा इतिहास आहे.

नावांपासूनच पाहा. इंग्रजीत या रोगाला ‘स्मट’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ काजळी, आणि अश्लील मजकूर असाही. पण मूळ नाहुआत्ल भाषेतले नावही फारसे शोभिवंत नाही. त्यातल्या ‘कुइत्लात्ल’ या भागाचा अर्थ विष्ठा. उरलेल्या भागाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे खाणाऱ्यांनी नाव गोड करून घेतले नव्हते. नाव तसेच राहिले आणि खाणेही चालू राहिले.

मध्य मेक्सिकोत पावसाळा सुरू झाला की ही बुरशी येते. फोड कोवळे आणि ओलसर असतानाच तोडावे लागतात. उशीर झाला की आत कोरडी काळी भुकटी उरते. कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि ‘एपासोते’ नावाच्या उग्र वासाच्या पाल्याबरोबर ते परततात. शिजल्यावर सगळे शाईसारखे काळे होते. मक्याच्या पोळीत, म्हणजे तोर्तियात, घालून खातात. चव मातकट, किंचित धुरकट आणि थोडी गोडसर. मक्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते या बुरशीत बऱ्यापैकी असते. ज्यांच्या घरी मांस रोज नसे, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पर्यटकांसाठीच्या मेन्यूकार्डावर हल्ली याला बिनधास्त ‘अॅझ्टेकांचे पक्वान्न’ म्हटले जाते. इथे इतिहासाच्या वाचकाने थोडे थांबावे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे सहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने स्थानिक जाणकारांच्या मदतीने जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात मक्याच्या या विकृतीची नोंद आहे. पण ती आवडीने खाल्ली जात होती हे सांगणारा त्या काळचा पुरावा तुटपुंजा आहे. याचा अर्थ कोणी खात नव्हते असा नाही. राजाच्या ताटात काय वाढले जाते ते लिहिले जाते. शेतमजुराच्या बायकोने दुपारी चुलीवर काय परतले, ते लिहून ठेवायला कोणी बसलेले नसते.

1521 मध्ये तेनोच्तित्लान पडले आणि स्पेनची सत्ता आली. तिच्याबरोबर गहू आला. कॅथलिक प्रार्थनेतली पवित्र भाकरी गव्हाचीच हवी होती. मका खाऊन आपले शरीर इंडियन लोकांसारखे होईल, अशी भीती अनेक स्पॅनिशांना वाटे. राजगिऱ्याच्या पिठाच्या मूर्ती करून त्या पूजेत खाल्ल्या जात, म्हणून धर्मगुरूंनी ती प्रथा मोडून काढली. हाच राजगिरा पुढे आपल्याकडे उपवासाचे पवित्र अन्न झाला, ही इतिहासाची गंमत.

मुस्लिम वाचकाला ही सत्ता अनोळखी वाटू नये. याच स्पेनने 1492 मध्ये ग्रॅनाडा घेतले आणि पुढे तिथल्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केले. त्या मोरिस्कोंवर इन्क्विझिशनची पाळत होती, आणि पाळतीची एक मोठी जागा म्हणजे स्वयंपाकघर. डुकराचे मांस टाळले, चरबीऐवजी तेलात रांधले, कुसकुस केला, तर संशय. अखेर 1609 ते 1614 या काळात त्यांना देशाबाहेर काढले. ताटात पाहून माणसाची निष्ठा तपासायची सवय जुनी आहे.

दुसरीकडे, मका युरोपात गेला तो ज्ञानाशिवाय गेला. मेक्सिकोच्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग वाटत. त्यामुळे त्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने धान्य घेतले, ही रीत घेतली नाही. इटलीत मक्याला अजूनही ‘तुर्की धान्य’ म्हणतात. परके ते सगळे तुर्की! तिथे आणि स्पेनमध्ये निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला: कातडी सोलणे, जुलाब, भ्रम आणि मृत्यू. 1735 मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतही तो पसरला. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्ग नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे हे दाखवून दिले. ज्यांना अडाणी म्हटले, त्यांच्या चुलीवर हा आजार टाळण्याची रीत शतकानुशतके चालू होती.

तरीही 1899 मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकोच्याच राजकारण्याने पुस्तक लिहून माणसांची तीन गटांत वाटणी केली: गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे. प्रगती करणारे फक्त गहूवाले, असा निष्कर्ष. आपली ज्वारी-बाजरी तर त्याच्या यादीतही नव्हती. जमीन कोणी बळकावली, मजुरी किती मिळते, हे प्रश्न त्यामुळे सोयीस्करपणे बाजूला पडले आणि दोष भाकरीवर आला. पुढे 1946 मध्ये मेस्कितालच्या खोऱ्यातील ओतोमी लोकांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतक्या गरिबीतही तोर्तिया, रानभाज्या आणि पुल्के या पेयाच्या बळावर त्यांचे पोषण अपेक्षेपेक्षा बरेच चांगले निघाले.

उइत्लाकोचेचे नशीब पालटले ते विसाव्या शतकात. मेक्सिको शहरातल्या उच्चभ्रूंनी ते फ्रेंच क्रेपमध्ये, पांढऱ्या सॉसखाली वाढले. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनमध्ये त्याची खास मेजवानी झाली आणि त्याला ‘मेक्सिकन ट्रफल’ म्हटले गेले. 1990 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील संशोधक कणसांना मुद्दाम बुरशी टोचू लागले. 2010 मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला वारशाचा दर्जा दिला. बुरशी बदलली नव्हती. वाढणारे हात आणि वरचा सॉस बदलला होता.

ट्रफलवरून आठवले. वाळवंटातल्या ट्रफलला अरबीत ‘कमआ’ म्हणतात आणि हदीसमध्ये तिला ‘मन्न’च्या, म्हणजे कष्टाविना मिळालेल्या ईश्वरी देणगीच्या जातीचे म्हटले आहे. पण या विषयात मला दुसरी हदीस जास्त मोलाची वाटते. प्रेषितांपुढे (स.) एकदा भाजलेला वाळवंटी सरडा आला. त्यांनी हात आवरला. हे हराम आहे का, असे खालिद बिन वलीद यांनी विचारले. नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हा नसतो, म्हणून मला नकोसा वाटतो, अशा आशयाचे उत्तर मिळाले. खालिद यांनी तो समोरच बसून खाल्ला आणि प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले नाही.

हराम-हलालची सीमा आम्ही पाळतो, पाळावीच. पण नावड वेगळी आणि निषेध वेगळा. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे खाणाऱ्याची किळस. मांसाचा वास येतो म्हणून घर नाकारले गेल्यावर आम्हाला हा फरक नीट कळतो. दुसऱ्याच्या ताटाबद्दल बोलताना तो आम्हालाही कळला पाहिजे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलितांचे खाणे लिहून ठेवले. मराठीत ते लिहिले जायला 2015 उजाडावे लागले. मुसलमान घरांतही ते पुस्तक वाचले जावे असे मला वाटते, कारण जातीची उतरंड आमच्या दस्तरख्वानालाही अनोळखी नाही.

उइत्लाकोचेला आज प्रतिष्ठा आहे. ते शतकानुशतके वेचून, परतून ज्यांनी टिकवले, त्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांच्या वाट्याला तेवढी प्रतिष्ठा आलेली नाही. पदार्थाचे कौतुक करणे सोपे असते. तो ज्यांचा आहे त्यांच्या शेजारी बसून जेवणे, हे अजून बाकी आहे, मेक्सिकोतही आणि आपल्याकडेही.