बागेबाहेरची माणसं

आधी बाबिलोन.

ख्रिस्तपूर्व सहावं शतक, निसान महिना. नववर्षाच्या अकितू उत्सवाचा आज चौथा दिवस, आणि तुम्ही गर्दीबरोबर इश्तार वेशीतून आत ढकलले जाताय. वेशीच्या निळ्या झिलईच्या विटांवर बैल आणि सापाच्या तोंडाचे प्राणी रांगेनं चाललेत. एसागिला मंदिराच्या गाभाऱ्यात तुम्हाला कोणी सोडणार नाही, पण आत काय म्हणतात ते बाहेरच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आज संध्याकाळी पुजारी बाबिलोनच्या मुख्य देवापुढे, मर्दुकापुढे, सृष्टीची कथा म्हणेल. देवांचं युद्ध, आदिसमुद्राची देवी तियामत हिचा देह चिरून केलेलं आकाश, आणि किंगू नावाच्या बंडखोर देवाला मारून त्याच्या रक्तातून घडवलेला माणूस. कशासाठी घडवला? देवांचे कष्ट वाचावेत म्हणून. माणूस जन्माला आला तोच वेठीला. सभोवतालच्या अवाढव्य भिंतींकडे पाहिलं की ही कथा इथं का रुचली असेल ते सांगावं लागत नाही.

आता दक्षिणेला, निप्पूरच्या बाजूला चला. कबार कालव्याकाठी यहुदी निर्वासितांची वस्ती आहे. ख्रिस्तपूर्व 586 मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि माणसं इकडे आणून टाकली. दिवसभर परक्याच्या शेतात राबून ती आता दारात बसलीत. तुम्हीही बसा. एक म्हातारा सांगायला लागतो. त्याची कथा किती जुनी, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. कुणी तिला दावीद-शलमोनाच्या काळात नेतात, कुणी याच निर्वासात आणतात. तारखेचं काही ठरो, ऐकायला यापेक्षा योग्य जागा सापडायची नाही.

म्हाताऱ्याच्या कथेत युद्ध नाही, रक्त नाही. देव खाली उतरतो, माती कालवतो, माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत आपला श्वास फुंकतो. मग बाग लावतो. हो, देव स्वतः लावतो! चिखलानं हात भरलेला देव ऐकून तुमच्या शेजारची बाई किंचित हसते. बाबिलोनच्या देवांना असली कामं शोभत नाहीत. त्या बागेची मशागत आणि राखण माणसाकडे येते, आणि तेव्हा अजून काहीच बिघडलेलं नाही. काम ही शिक्षा नव्हे, हे इथं घट्ट धरून ठेवा. काटेकुसळं आणि कपाळाचा घाम नंतर येतात. कुदळ आधीपासून हातात आहे. दिवसभर वेठीला जुंपलेल्या माणसांना हे ऐकताना काय वाटलं असेल?

बागेतलं हवं ते खा, फक्त बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचं एक झाड सोड. लक्ष असेल तर तुम्हाला इथं एक गोष्ट खटकेल. ही आज्ञा झाली तेव्हा हव्वा जन्मलीच नव्हती. तिला ती ऐकीव कळली. म्हणूनच की काय, सर्प विचारतो तेव्हा ती देवानं न सांगितलेलं एक कलम पदरचं जोडते: त्या फळाला हातसुद्धा लावायचा नाही. ऐकीव धर्माचं असंच होतं, मूळ आज्ञेपेक्षा सोवळं वाढतं. आणि आज्ञा ज्यानं स्वतः ऐकली होती तो आदाम कुठे होता? तिथंच, तिच्याजवळ. सर्पाचं सगळं बोलणं होईपर्यंत तो एक शब्द बोलत नाही. हव्वेला शतकानुशतकं बोल लावणाऱ्यांनी या मौनाचा हिशेब कधी मागितला नाही, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आलंय.

वाटेत फ्लॉरेन्सला जरा थांबू, पाच मिनिटं पुरे. साल 1420 च्या दशकातलं, कार्मिने चर्चमधलं ब्रांकाची कुटुंबाचं प्रार्थनालय. पंचविशीतला चित्रकार मसाच्चो ओल्या गिलाव्यावर आदाम-हव्वेला बागेबाहेर चालवतोय. हव्वेनं हातांनी अंग झाकलंय आणि तोंड उघडं टाकून ती रडतेय. आदामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, बाकी देहाची त्याला शुद्ध नाही. 1680 च्या सुमारास कुणाला तरी लाज वाटून या दोघांवर पानं रंगवली गेली, आणि ती उतरायला विसाव्या शतकातलं जीर्णोद्धाराचं काम यावं लागलं. गंमत अशी की ग्रंथाप्रमाणे बाहेर पडताना ते नागडे नव्हते आणि पानांतही नव्हते. मग कशात होते? त्यासाठी आपल्याला घराजवळ यायचंय.

राचोल, गोव्यातला साष्टी प्रांत, साल 1616, रविवार दुपार. पावसानं जुवारी नदी तांबडी झालीय. किल्ल्याशेजारच्या चर्चचं नाव बर्फाची सायबीण, आणि या गावानं जन्मात बर्फ पाहिलेलं नाही. इथल्याच छापखान्यात यंदा फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलंय. विल्टशायरचा हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. उत्पत्तीपासूनची सगळी कथा त्यानं मराठी ओवीत सांगितली, दहा हजारांहून अधिक ओव्यांत. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत छापली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या तुम्ही शाळेत पाठ केल्या असतील. पण आज त्या म्हणायच्या नाहीत.

आज दोतोर्नीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, वर्गात आदाम-हव्वा चालू आहेत. मुलं ओलेत्यानं आलीत, मागे काही आया बसल्यात. शिकवणाऱ्याला सगळे मेस्त म्हणतात. तो ओव्या लावून म्हणतो आणि मधे थांबून साध्या बोलीत फोड करतो. ओवीची चाल ओळखीची असल्यानं माना आपोआप डोलतात. या घरांतली जुनी पुराणं गेलीत. कुणी जाळली, कुणी लपवली. राय गावची कामाक्षी नदीपलीकडे शिरोड्याला गेलीय, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. कुंकळ्ळीला 1583 मध्ये पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या गावकरांना बोलावून ठार केलं गेलं. इथल्या थोरांना ते दोन्ही आठवतं. देशोधडीला लागणं म्हणजे काय, हे या वर्गात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कथा सांगणाऱ्यांचाही त्या देशोधडीत हात आहे, हे विसरून ही दुपार ऐकता येत नाही, आणि ऐकूही नये.

मेस्त फळापाशी रेंगाळत नाही, पुढे सरकतो. संध्याकाळच्या वाऱ्यात देव बागेत फिरतोय आणि हे दोघे झाडांमागे. देव हाक मारतो, कुठे आहेस? त्याला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण ओढून बाहेर काढण्याआधी तो विचारतो, माणसाला आपल्या तोंडानं सांगायची संधी देतो. आदाम ती वाया घालवतो. ‘तू दिलेल्या बायकोनं दिलं, म्हणून खाल्लं’, म्हणजे एका वाक्यात बायकोवर आणि देवावर दोघांवर ढकललं. हव्वा सर्पाकडे बोट दाखवते. मागच्या आया एकमेकींकडे बघतात. तुम्हीही चुळबुळता, कारण तुमच्या घरातली कालचीच बोलाचाली जवळजवळ याच शब्दांत झाली होती. फळ एकदाच खाल्लं गेलं. हे ढकलणं मात्र रोजचं आहे, आणि पतन म्हणून मला तरी तेच दिसतं. आदिपापाचा सिद्धांत मांडणारा ऑगस्टिन याहून खोल गेला, ते बीज प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो म्हणाला. वर्गात त्याचं नाव निघत नाही, तेही बरंच. मुलं लहान आहेत.

मग शिक्षा. त्या मेस्त भराभर म्हणून टाकतो आणि एका जागी मुद्दाम सावकाश होतो. अंजिराच्या पानांची शिवलेली वस्त्रं काही टिकणारी नव्हती. बागेबाहेर काढण्यापूर्वी देव कातड्याचे अंगरखे करतो आणि दोघांना घालतो.

‘कोणी शिवले?’ पुढच्या रांगेतला एक पोरगा विचारतो.

‘देवानं.’

‘रागावला होता ना?’

‘होता.’

पोराचं समाधान होत नाही. ‘मग आपण बाहेर, आणि देव आत बागेत?’

मेस्त पानं उलटतो. दाराशी पहाऱ्याला करूबीम देवदूत आहेत, फिरती अग्नितलवार आहे, परतीची वाट नाही, हे त्यानं आत्ताच सांगितलंय. ‘पुढची गोष्ट त्यांच्या मुलाची, काइनाची,’ तो म्हणतो. ‘बाहेरचीच. शेतावरची. भाऊ अजून मारलेला नाही, नुसता मनात राग आहे. आणि त्याच्याशी बोलायला कोण आलंय बघ.’