हजेरीपट व सेवानोंदी

हजेरीपट म्हणजे नोकरीतील व्यक्तींच्या दैनंदिन उपस्थितीचे पत्रक. नेमणुकीची तारीख, वय, रजा, वेतन, कपात, उचल व सेवासमाप्ती यांची माहिती त्यास जोडली, म्हणजे सेवानोंद पूर्ण होते.

हजेरीपटाचा मूळ हेतू वेतन देणाऱ्याचे रक्षण हा होता. अलाउद्दीन खल्जीने (कार. १२९६–१३१६) सैनिकांची हुलिया, म्हणजे शरीरखुणांची नोंद, व घोड्यांना डाग देण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे हजेरीस भलताच माणूस किंवा घोडा उभा करणे अवघड झाले. मराठ्यांच्या किल्ल्यांवर हजेरीचे काम सबनिसाकडे असे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारभरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. दाराशी जमलेल्या बदली कामगारांतून तो रोज मर्जीप्रमाणे माणसे निवडी. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणून बदली कामगारांना कार्डे दिली. लेखी नोंदीमुळे जॉबरच्या मर्जीस काहीशी मर्यादा पडली.

पुढील कायद्यांनी या नोंदीस कामगाराच्या हक्काचा पुरावा बनविले. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या १९५३ च्या दुरुस्तीनुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगारास कपातीच्या वेळी भरपाई मिळू लागली. उपदान अधिनियमाने (१९७२) सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली. अपघाताच्या भरपाईत १९८४ पासून वेतनाबरोबर वयही गणनेत आले. तथापि हे सर्व सिद्ध करणारी वही मालकाजवळ असते. २४० दिवसांच्या सेवेचा पुरावा प्रथम कामगाराने द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले. हजेरीपट हजर करण्याची मागणी मात्र तो करू शकतो, हे त्यानंतरच्या निर्णयात स्पष्ट झाले.

लहान आस्थापनांत ही अडचण अधिक तीव्र असते. तेथे मालकच कारकून असतो व नेमणूक बहुधा तोंडी होते. खर्चाच्या वहीत मजुरीची रक्कम आढळते. ती कोणास व किती दिवसांबद्दल दिली, हे आढळत नाही. अशा मालकांचा भार हलका करण्यासाठी १९८८ च्या केंद्रीय अधिनियमाने एकोणीसपर्यंत कामगार असणाऱ्यांस नोंदवह्यांत सवलत दिली. २०१४ मध्ये ही मर्यादा चाळीस झाली. वेतन प्रदान अधिनियमात १९८२ मध्ये घातलेल्या कलमाप्रमाणे नोंदवही शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे जपणे पुरेसे होते. ती मुदत पाळून जुनी वही टाकणाऱ्या मालकाजवळ पाच वर्षांच्या सेवेचा पुरावा उरेलच, असे नव्हे.

चांगली नोंद त्याच दिवशी केलेली असते. चुकलेला मजकूर वाचता येईल असा खोडून त्याशेजारी सही करतात. उचल व वेतन वेगळे दाखवितात. वेतनपत्रकावर कामगाराची सही वा अंगठा घेतात. खोटा दावा झाल्यास मालकाचा बचावही हीच वही करते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी व संगणकीय नोंदवही यांच्या तरतुदी आहेत. शेती वा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणारा मालक वेतन संहितेखालील नोंदवहीतून मुक्त आहे. मात्र मागणी होताच त्यास वेतन दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो. नियुक्तिपत्र व वेतनचिठ्ठी यांमुळे नोंदीची एक प्रत कामगाराच्या हाती राहते. मालकाच्या एकट्याच्या वहीपेक्षा ती त्यास अधिक उपयोगी पडते.