भाडे, जोखीम आणि जामीन

तरुण मुलगा गाडी भाड्याने मागावयास आला, म्हणजे व्यवहार दोन आकड्यांचा होतो. एक आकडा भाड्याचा. तो दोघेही मोठ्याने बोलतात, त्यावर घासाघीस करतात, आणि शेवटी तो ठरतो. दुसरा आकडा जोखमीचा. गाडी आपटली, कोणाचा हातपाय मोडला, कोणी दगावले, तर पैसे कोणी भरावयाचे, हा तो आकडा होय. तो बहुधा कोणीच बोलून दाखवीत नाही. आमच्या मते वाहतुकीचा सारा इतिहास या न बोललेल्या आकड्याचा इतिहास आहे. आणि तो सांगण्यास नंदुरबारइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण सुरतेहून बऱ्हाणपूरकडे आणि पुढे आग्र्याला जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर व नंदुरबार या गावांवरूनच जात असे, आणि त्या रस्त्यावर गाडी भाड्याने घेणे हा चारशे वर्षांपूर्वीही रोजचा व्यवहार होता.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात अनेक वेळा हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. नवापूरविषयी लिहिताना त्याने तेथील विणकरांचा आणि कस्तुरीसारखा वास येणाऱ्या बारीक तांदळाचा आवर्जून उल्लेख केला आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याने टिपून ठेवलेले भाड्याचे दर अधिक मोलाचे आहेत. दोन माणसांच्या बैलगाडीला दिवसाला सुमारे १ रुपया भाडे पडे. सुरत ते आग्रा हा प्रवास ३५ ते ४० दिवसांचा, आणि त्या सगळ्याचे ४० ते ४५ रुपये होत. हा झाला बोललेला आकडा. आता दुसरा पाहा. मानाने आणि निर्धास्तपणे प्रवास करावयाचा तर २० ते ३० हत्यारबंद शिपाई बरोबर घ्यावेत, असे तो सांगतो. त्यांचा पगार माणशी महिना ४ रुपये. म्हणजे २५ शिपाई धरले तर महिन्याचे १०० रुपये झाले. गाडीचे भाडे ४५ आणि रक्षणाचा खर्च त्याच्या दुपटीहून अधिक! त्यातला काही भाग थाटाचा म्हणून सोडून दिला, तरी उरलेला जोखमीचाच होता, हे मान्य करावे लागेल.

याच वर्णनात आणखी एक बारकावा आहे. या शिपायांचा एक नायक असे. आपल्या माणसांच्या इमानाची हमी तो घेई, आणि त्याबद्दल प्रत्येक शिपायाकडून त्याला २ रुपये मिळत. परक्या सावकाराने अनोळखी शिपायावर विश्वास ठेवावयाचा तो त्याच्या तोंडाकडे पाहून नव्हे, तर नायकाच्या शब्दावर. ज्याची पत अजून बाजारात नाही, त्याने दुसऱ्याची पत उसनी घ्यावयाची आणि तिचे मोल मोजावयाचे, हा जामिनाचा कायदा तेथे उघड दिसतो. आजच्या तरुण चालकाचे प्रकरण याच जातीचे आहे, हे पुढे ध्यानात येईल.

हा रस्ता निर्धोक नव्हता. १६३० सालच्या भीषण दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी याच वाटेने सुरतेहून आग्र्यास गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची त्याने केलेली नोंद अंगावर काटा आणते. डोंगराळ भागातले घाट भिल्ल नायकांच्या ताब्यात असत. वाट राखावयाची आणि त्याबद्दल हक्क घ्यावयाचा, ही त्यांची जुनी वहिवाट होती. ती मोडली की लूट सुरू होई. राज्यकर्ते बदलले, धामधूम माजली आणि ही वहिवाट विस्कटली, म्हणूनच १८२५ साली आउट्रमच्या हाताखाली खानदेशात भिल्लांची पलटण उभी करण्याची वेळ इंग्रजांवर आली. ज्यांच्यापासून धोका, त्यांनाच पगार देऊन रक्षक नेमावयाचे, ही युक्ती जुन्या वहिवाटीचीच सरकारी आवृत्ती होती, असे म्हणावयास हरकत नाही.

सगळ्याच व्यापाऱ्यांना २५ शिपाई बाळगणे परवडत नसे. त्यांच्यासाठी सराफांनी दुसरी सोय केली होती, आणि तिचे नाव होते विमा. सुजानराय भंडारी याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या फारसी इतिहासग्रंथात तिचे वर्णन आहे. वाटेच्या भीतीने व्यापाऱ्याला माल न्यावयाचे धैर्य होत नसेल, तर सराफ काही रक्कम घेऊन माल आपल्या हवाली करून घेई आणि मुक्कामी सुखरूप पोचवी. पश्चिम हिंदुस्थानात जोखमी हुंडीही चाले. माल सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. विम्याची कल्पना साहेबाने येथे आणली, असा समज पुष्कळांचा असतो. हे व्यवहार पाहिले म्हणजे तो टिकत नाही.

परंतु या जुन्या विम्यात एक मोठी उणीव होती. तो मालाचा होता. सावकाराचे रेशीम, नीळ, रोकड यांची भरपाई होई. पण याच गाडीखाली वाटेवरचा एखादा मजूर सापडला, तर त्याच्या बायकामुलांचे काय, हा प्रश्न कोणत्याही हुंडीत लिहिलेला नसे. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीमुळे असे प्रसंग थोडे येत, म्हणून तो प्रश्न कोणी विचारलाही नाही. मोटार आली आणि तो टाळता येईनासा झाला. एका चुकीने तीन-चार घरे उद्ध्वस्त करण्याची शक्ती प्रथमच एका साध्या माणसाच्या हाती आली, आणि तो माणूस अठरा-एकोणीस वर्षांचाही असू शकत होता.

इंग्लंडने १९३० च्या कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. त्रयस्थ म्हणजे विमा उतरविणारा मालकही नव्हे आणि विमा कंपनीही नव्हे, तर रस्त्यावरचा तिसरा माणूस. आपल्याकडे १९३९ सालचा मोटार वाहन कायदा झाला, पण त्यातले विम्याच्या सक्तीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. पुढे १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि आजही मूळ आधार तोच आहे. विम्याच्या चारशे वर्षांच्या वाटचालीतले खरे वळण आम्ही हेच समजतो. पूर्वी मालक आपल्या मालासाठी विमा घेई. आता ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा वाटसरूसाठी तो घेणे कायद्याने भाग पडले.

आता तरुण चालकाकडे वळू. इंग्लंड-अमेरिकेत पंचविशीच्या आतल्या चालकाचा विमा महाग असतो. तेथील कंपन्या वयाचा धोका थेट हप्त्यात धरतात. आपल्याकडे त्रयस्थाच्या विम्याचा हप्ता चालकाच्या वयावर ठरत नाही. मोटारीच्या इंजिनाची क्षमता १००० सी.सी. पर्यंत, १५०० पर्यंत की त्याहून अधिक, यावर तो ठरतो. साठीच्या शिक्षकाला आणि विशीच्या विद्यार्थ्याला दर एकच. मग तरुणपणाचा धोका नाहीसा झाला काय? मुळीच नाही. तो हप्त्यातून निघाला आणि भाड्याच्या करारात येऊन बसला. म्हणूनच स्वतः चालविण्यासाठी गाड्या भाड्याने देणाऱ्या कित्येक पेढ्या २१ वर्षे वयाची अट घालतात, अनामत रक्कम घेतात, आणि गाडीच्या नुकसानीचा अमुक भाग भाडेकऱ्याने सोसावा असे लिहून घेतात. ताव्हेर्नियेच्या नायकाचे २ रुपये आज अनामत रकमेच्या रूपाने अवतरले आहेत.

अशा पेढ्यांसाठी केंद्र सरकारने १९८९ साली योजना केली. तीत परवाना मिळण्यास किमान ५० मोटारी असाव्यात अशी अट होती. अशा गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. ५० मोटारींची पेढी तालुक्याच्या गावी निघणे किती अवघड आहे, हे सांगावयास नको. याचा परिणाम असा, की तोरणमाळला जावयाचे असो, सारंगखेड्याच्या यात्रेला जावयाचे असो की मित्राच्या लग्नाला, तरुण मंडळी ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पेट्रोल आणि वर काही पैसे देऊन आणतात. व्यवहार तोंडी होतो. भाड्याचा आकडा ठरतो. दुसऱ्याचे नाव निघत नाही. खासगी गाडीच्या विमापत्रात मात्र स्पष्ट लिहिलेले असते, की भाडे घेऊन गाडी वापरली तर हे संरक्षण लागू नाही. ते बारीक अक्षर देणाऱ्यानेही वाचलेले नसते आणि घेणाऱ्यानेही.

अशा वेळी अपघात झाला, तर काय होते? गाडीच्या मोडतोडीचा खर्च कंपनी नाकारू शकते. जखमी वाटसरूच्या बाबतीत कायदा अधिक दयाळू आहे. चालकाजवळ वैध लायसन नव्हते, अशा प्रकरणांचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असे तत्त्व घालून दिले, की मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीने सिद्ध करावे. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी त्रयस्थाचे पैसे द्यावयास सांगू शकते, मग कंपनीने ते मालकाकडून वसूल करावेत. वाटसरू वाचला, पण गाडीच्या मालकाच्या दारात वसुली आली. मैत्रीखातर किल्ली देणाऱ्या माणसाची शेतजमीन या एका दुपारीपायी जाऊ शकते, हे तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे.

गाडी मागून नेणाऱ्याचे स्वतःचे काय? २००९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकाने मित्राची मोटारसायकल मागून नेली होती. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी चालली होती. ती एकाएकी थांबली, मोटारसायकल तिच्यावर आदळली आणि चालविणारा दगावला. दोष सिद्ध न करता भरपाई मिळण्याचे जे कलम तेव्हा होते, त्याखाली त्याच्या वारसांना पैसे मागता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. कारण ज्याने गाडी मागून नेली, तो त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा राहिला, त्रयस्थ उरला नाही. तसेच मालक-चालकाचा १५ लाखांचा जो व्यक्तिगत अपघात विमा २०१८ पासून मिळतो, तो नोंदणीकृत मालकाचा असतो, भाडेकऱ्याचा नव्हे. म्हणजे ज्याच्या हाती चाक आहे त्या पोराभोवतीच संरक्षण सर्वांत कमी. सतराव्या शतकातला विमा वाटसरूला विसरला होता; आपल्या काळातला विमा बहुतेक वेळा चालकालाच बाहेर ठेवतो.

अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्यांविषयी तर २०१९ च्या दुरुस्तीने कठोर भूमिका घेतली. पालक किंवा मालक यांनाच दोषी धरून ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही, अशी शिक्षा सांगितली आहे. ती काहींना जाचक वाटते. आम्हांस ती जुन्या जामिनाच्या न्यायाचीच वाटते. नायक आपल्या शिपायांबद्दल जबाबदार होता. बाप आपल्या मुलाबद्दल जबाबदार आहे. फरक इतकाच, की नायकाला आपण हमी घेतली हे ठाऊक असे, आणि बाप पुष्कळदा नकळत जामीन राहिलेला असतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, आणि गाड्यांच्या पाट्यांवर पुढे एमएच ३९ दिसू लागले. पाटी नवी झाली; रस्ता जुनाच आहे. नवापूरकडून येणाऱ्या त्या रस्त्यावर बैलगाडी घेणारा सावकार भाडे ठरविण्याआधी जोखीम कोणाची, हे विचारीत असे. कारण न विचारण्याची किंमत त्याने पाहिलेली होती. आपल्या घरातल्या तरुणाने गाडी भाड्याने घेताना तेवढेच करावे. लायसन आपल्याजवळ वैध आहे ना? पाटी भाड्याच्या गाडीची आहे ना? विमापत्राची मुदत चालू आहे ना? मोडतोड झाली तर आपल्या वाट्याला किती, हे कागदावर लिहिले आहे ना? आणि आपल्या स्वतःच्या अंगावर वेगळा अपघात विमा आहे ना? हे प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे लागतात. ते विचारणाऱ्या मुलाला गाडीवाला शंकेखोर म्हणेल, मित्र हसतील. पण सराफाच्या पेढीवर अशाच माणसाला पत मिळत असे.