पाणी वाटून घेणारी माणसं

मंडळी, 'पाणी वाचवा' ही पाटी आपण सगळ्यांनी इतक्या ठिकाणी वाचली आहे की आता ती दिसेनाशीच झाली आहे. बेसिनवर, शाळेच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर. पाटी वाचून माणूस नळ घट्ट बंद करतो, बरं वाटतं आणि विषय संपतो. पण वाचवलेलं पाणी नेमकं कुणाच्या वाट्याला जातं, आणि ते पुरेनासं झालं तर आधी कुणी थांबायचं, हे त्या पाटीवर कधीच नसतं. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. आपल्याच महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरं लोकांनी स्वतः शोधली होती. आज त्यांच्याबद्दल लिहितो.

पहिलं उत्तर खानदेशातलं. फड पद्धत. (तमाशाचा किंवा कुस्तीचा फड नव्हे!) सह्याद्रीत उगम पावून साक्री, धुळे करत तापीला मिळणारी पांझरा, बागलाणातून मालेगावकडे येणारी मोसम, या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. ही पद्धत निदान ३०० वर्षं जुनी मानली जाते. बंधारा अडवणारा असतो, साठवणारा फारसा नाही. नदीचं पाणी थोडं वर उचलायचं आणि काठाच्या पाटात वळवायचं. पाट उताराउताराने शेतांपर्यंत जातो, जास्तीचं पाणी पुन्हा नदीत पडतं आणि खालच्या बंधाऱ्याच्या कामाला येतं. पंप नाही, वीज नाही.

पण यातली खरी हुशारी बांधकामात नाही, वाटणीत आहे. बंधाऱ्याखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, आणि दर वर्षी पिकं फिरवायची. त्यामुळे जमिनीला विश्रांती मिळते, आणि अख्ख्या फडाला एकाच वेळी सलग पाणी देता येतं. पाणी दहा ठिकाणी फिरत आणि मुरत बसत नाही.

आता गंमत बघा. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असे. समजा पाऊस कमी झाला आणि नदीला पाणी बेताचं आहे. मग गावाने बसून ठरवायचं की यंदा एक फड कोरडा ठेवू. तो कोरडा राहिला की झळ सगळ्यांना लागते, पण थोडी थोडी. कुणी एकटा बुडत नाही आणि कुणी एकटा तरतही नाही. शिवाय पाणी सोडायचं काम शेतमालकाचं नसेच. त्यासाठी सगळ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. ज्याच्या हातात पाण्याची दारं, त्याचं शेत वेगळं धरून चालत नसे. पाट साफ करायचा तर प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या हिशोबात माणूस किंवा पैसा द्यायचा.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की ही पद्धत माणसांच्या चांगुलपणावर उभी नव्हती. ती माणसं काही साधुसंत नसणार. भांडणं होतच असतील, पाण्यावरून तर होणारच. पण टंचाई आली की काय करायचं हे टंचाई येण्याआधी ठरलेलं होतं. 'काटकसर करा' असं कुणाला सांगावं लागत नव्हतं, कारण काटकसर नियमातच होती.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण इंजिनियर विश्वेश्वरय्या सुरुवातीच्या काळात याच धुळे भागात होते. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी 'ब्लॉक' पद्धत मांडली. सलग पट्टे पाडायचे, पिकांची फेरपालट करायची आणि पाणी जास्त गावांना पोचवायचं. ती त्यांनी फडावरून घेतली असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की साम्य डोळ्यांत भरतं.

फड पद्धतीत एक उणीव मात्र होती, आणि ती लहान नव्हती. पाणी जमिनीला जोडलेलं होतं. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. जागल्या रात्रभर फड राखणार, पण त्या पाण्यावर त्याचा स्वतःचा हक्क नाही.

या उणिवेला उत्तर मिळालं १९७२ च्या दुष्काळानंतर. तो दुष्काळ आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. सुकडी, मिलो, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारे जमीनवाले शेतकरी... पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनियर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात ही खडी फोडणारी माणसं पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. सासवडजवळच्या पर्जन्यछायेतल्या नायगावात त्यांनी देवस्थानची १६ हेक्टर माळजमीन खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याच्याखाली विहीर काढली आणि पाणी उचलून वर शेताला दिलं. ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथे धान्य पिकलं.

इथपर्यंतची गोष्ट इतरही काही ठिकाणी घडली आहे. वेगळेपण पुढे आहे. गावं त्यांच्याकडे येऊ लागली तेव्हा त्यांनी 'पाणी पंचायत' उभी केली आणि नियम घातले. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही, तो पंचायतीकडे परत. ऊस घ्यायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा, म्हणजे फुकटचं म्हणून कुणी उधळणार नाही.

विचार करा, ऊस म्हणजे नगदी पैसा हे ज्या मुलखात लहान पोराला कळतं, तिथे 'ऊस नको' हा नियम लोकांनी आपणहून मान्य केला! अर्थात सगळ्या योजना टिकल्या नाहीत. जिथे कालव्याचं पाणी आलं किंवा ज्याने त्याने आपली विहीर खोल नेली, तिथे पंचायतीची गरज वाटेनाशी झाली. खानदेशातल्या फडांचंही असंच झालं. वर धरणं आली, शेतात पंप आले, आणि एकत्र बसून ठरवायचं कारणच उरलं नाही. साळुंखे २००२ मध्ये गेले. २००५ मध्ये राज्याने पाणीवापर संस्थांचा कायदा केला. त्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणी सांभाळायचं आहे, म्हणजे फडाने जे आधीच करून दाखवलं होतं तेच.

बोअर ही माझ्या जमिनीत, म्हणून पाणी माझं, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण खालचं पाणी सातबारा वाचून थांबत नाही. माझी बोअर दोनशे फुटांवर गेली की शेजाऱ्याला तीनशेवर जावं लागतं, आणि मग मला चारशेवर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. एवढ्या मोठ्या शहराला वाघिणींतून पाणी! पाऊस कमी पडला हे खरंच, पण पडलेल्या पावसाचं काय करायचं हे कुणी आधी बसून ठरवलं होतं का?

म्हणून मला वाटतं, नळ घट्ट बंद करा, जरूर करा. पण आपल्या सोसायटीत, वाडीत, गावात एकदा हेही विचारा की पाणी निम्मं झालं तर आपण काय करणार? कुणाचा फड कोरडा राहणार? टँकर बोलवू हे उत्तर नाही, तो कुणाच्या तरी विहिरीतूनच भरतो.

असो. साक्री-पिंपळनेरकडची किंवा सटाण्याची नातेवाईक मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी आपल्या बंधाऱ्याचं सध्या काय चाललंय ते नक्की लिहा. पाटकरी अजून आहे का? जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.