शस्त्रक्रियेनंतरची रात्र

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक १६ ऑक्टोबर १८४६ या दिवशी थांबतात. त्या दिवशी बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगविले आणि त्याच्या मानेवरची गाठ काढण्यात आली. पुढल्याच वर्षी ईथर कलकत्त्यास पोचले. त्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणला. मनुष्याने वेदनेवर जय मिळविला, असे पुस्तके सांगतात. परंतु गुंगी तासा-दोन तासांत उतरते. पुढची रात्र कोणाच्या स्वाधीन? डॉक्टर हात धुऊन घरी जातात. रोग्याच्या उशाशी उरते ती परिचारिका. या इतिहासाचा उत्तरार्ध तिचा आहे, आणि तो फार थोडा लिहिला गेला आहे.

आपल्या वऱ्हाडाचा या कथेशी थोडा आडून संबंध येतो. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला, तरी नावाने हा मुलूख निजामाचाच होता. त्याच निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मची चौकशी करणारी मंडळे बसली. एडवर्ड लॉरी हे त्यांचे पुढारी. नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष ठेवा, हा त्यांचा हट्ट. १९११ साली लेव्हीने दाखविले की क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी बंद पाडते, आणि लॉरींचा सिद्धांत लंगडा पडला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झाली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. असो. श्वास मोजण्याची सवय वाया गेली नाही. मॉर्फिन टोचण्यापूर्वी व टोचल्यानंतर परिचारिकेने प्रथम तेच पाहावयाचे असते.

मॉर्फिन म्हणजे अफूचेच सत्त्व. अफू आपल्या लोकांना काही नवी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना बाळगोळी देऊन निजवीत, कारण पाळणाघर नव्हते आणि पाळी चुकली तर पगार कापला जाई. १८५३ च्या सुमारास पोकळ सुईची पिचकारी आली आणि ते औषध थेट कातडीखाली देता येऊ लागले. पण ते केव्हा द्यावयाचे? डॉक्टर कागदावर लिहीत, ‘दुखल्यास द्यावे’. म्हणजे रोग्याने मागितले पाहिजे. आणि आमचे लोक मागत नाहीत! खामगाव-मलकापूरकडच्या जिनांत ज्याची बोटे सापडली, असा गडी दात-ओठ खाऊन पडून राहतो. ‘सिस्टरला कशाला तरास’ म्हणतो. सिस्टर समजते की याला आराम आहे.

ही रीत मोडण्याचे श्रेय मुख्यतः परिचारिकांचे आहे. सिसिली सॉन्डर्स ही मूळची परिचारिका, पुढे डॉक्टर झाली. १९६७ साली लंडनमध्ये तिने मरणासन्न रोग्यांसाठी रुग्णालय उघडले. वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळ लावून औषध द्यावे, हा तिचा धडा शस्त्रक्रियेच्या वॉर्डालाही लागू पडला. १९६८ च्या सुमारास मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने शिकविले की दुखणे किती, हे रोगीच जाणतो. त्याचा शब्द खरा धरावा. युनियनच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तक्रार खरी धरल्याखेरीज चौकशी सुरूच होत नाही.

चांगली परिचारिका शून्य ते दहापैकी किती दुखते ते विचारते आणि ताप-नाडीबरोबर नोंदवते. हाताची शस्त्रक्रिया असेल तर तो उशांवर छातीहून उंच ठेवते, म्हणजे सूज व ठणका कमी होतो. औषध देऊनही ठणका वाढतच असेल, तर बोटांचा रंग पाहते, पट्टी आवळली का ते तपासते आणि डॉक्टरांना बोलावते. अशा वेळी नुसती वेदना बधिर करणे घातक. पोटाला टाके असतील तर खोकताना उशी दाबून धरावयास शिकवते, कारण दुखते म्हणून जो खोकत नाही, त्याच्या छातीत कफ साचतो. आणि दुखते म्हणून ज्याने बोटे हलविली नाहीत, त्याची बोटे आखडतात. मग त्याला कामावर कोण घेणार?

परंतु हे सर्व करावयास माणूस हवे. १९४६ च्या भोर समितीला देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आढळली. संख्या पुढे पुष्कळ वाढली; तरी रात्रपाळीला एकाच बाईवर सबंध वॉर्ड, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. परिचारिकेला सेवेची देवी म्हणून हार घालण्याची आपल्याला मोठी हौस. तिची पाळी किती तासांची, हे कोणी विचारीत नाही.

औषधाचीही तीच कथा. मंदसोर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाला भिऊन कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. अमेरिकेत उलट टोक गाठले गेले. तेथे अफूवर्गीय गोळ्या इतक्या सढळ हाताने वाटल्या गेल्या की लाखो लोक व्यसनात सापडले. म्हणूनच औषध कपाटात असणे पुरेसे नाही. ते देऊन अर्ध्या तासाने परत येऊन श्वास पाहणारी बाई पाहिजे.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. या तक्त्यावरून आम्ही पुष्कळ भांडलो. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचा त्यात रकाना नव्हता, आणि आमच्या मागणीपत्रांतही तो कधी आला नाही. इस्पितळाच्या रात्रपाळीला दुसरी परिचारिका द्या, ही मागणी जिनातल्या कामगाराने करावयास काय हरकत आहे?