सुई १६७९ मध्येच दिसली होती : गाऊटची गोष्ट

घरच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज तुम्हीही पाहिला असेल. 'युरिक अ‍ॅसिड वाढलंय? डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद!' म्हणजे पायाचा अंगठा सुजला की आधी ताटाची झडती.

ही सवय फार जुनी आहे. चरकसंहितेत गाऊटशी बरंच जुळणाऱ्या वातरक्ताला 'आढ्यवात' असंही म्हटलंय. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा आजार मानला जायचा. १७९९ मध्ये जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने गाऊटचं चित्र काढलं: सुजलेल्या पावलात दात रुतवून बसलेला एक काळा राक्षस. वेदना त्याने अचूक पकडली. पण खरा राक्षस कसा दिसतो, हे त्याच्या १२० वर्षं आधीच एका माणसाने पाहिलं होतं.

तो माणूस म्हणजे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी, लेव्हेनहूक. जुना गाऊट असलेल्यांच्या बोटांवर, कोपरावर, कानाच्या पाळीवर गाठी येतात. त्यांना टोफस म्हणतात. गाठ फुटली की आतून खडूसारखा पांढरा पदार्थ येतो. १६७९ मध्ये लेव्हेनहूकने तो आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात दोन्ही टोकांना निमुळते, पारदर्शक, लांबट कण! ते कशाचे आहेत, हे मात्र त्याला कळणं शक्य नव्हतं. युरिक अ‍ॅसिड सापडलं तेच १७७६ मध्ये. स्वीडनच्या शीलला ते मुतखड्यात मिळालं. १७९७ मध्ये वोलॅस्टनने दाखवलं, की गाठींमधला पदार्थही त्याचाच क्षार आहे, म्हणजे युरेट.

मग लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड आले. त्यांची चाचणी इतकी साधी, की मला ती या सगळ्या गोष्टीतली सर्वांत आवडती वाटते. रुग्णाच्या रक्तातला द्रव एका उथळ काचेच्या बशीत घ्यायचा, थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालायचं, त्यात लिननचा एक धागा सोडायचा आणि वाट पाहायची. गाऊट असेल तर दोरीवर खडीसाखर धरते तसे धाग्यावर स्फटिक धरतात. १८५९ च्या आपल्या ग्रंथात गॅरड यांनी ठामपणे लिहिलं, की साचलेलं युरेट हा सुजेचा परिणाम नाही, तेच सुजेचं कारण आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. १८९९ मध्ये फ्रॉइडवायलर यांनी स्फटिक टोचून सूज आणूनही दाखवली. तरी वैद्यकशास्त्र हे सगळं जवळजवळ विसरून गेलं.

थेट १९६१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यातलं पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सुया चमकल्या. पण सूज त्यांच्यामुळेच येते, हे कोण सिद्ध करणार? मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी ते स्फटिक चक्क स्वतःच्या गुडघ्यात टोचून घेतले! काही तासांत दोघांचेही गुडघे सुजून ठणकू लागले. हा प्रयोग १९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

कारण पक्कं झालं आणि इलाजाची दिशाही. चहात साखर घालत राहिलात तर एका टप्प्यानंतर ती तळाशी बसते ना, तसंच हे. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरेट गेलं की ते स्फटिक होऊन बसू शकतं. पातळी त्याखाली आणून बराच काळ तिथेच ठेवली, की बसलेलंही हळूहळू विरघळतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ल्युकेमियाच्या एका औषधाला जोड म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल तयार केलं होतं. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण युरिक अ‍ॅसिड मात्र झपाट्याने उतरलं. १९६६ पासून अमेरिकेत ते गाऊटसाठी मिळू लागलं. १९८८ चं वैद्यकाचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत हे दोघे होते.

ज्यांना अशी औषधं पुरत नाहीत किंवा सोसत नाहीत, गाठींनी ज्यांचे हात वाकडे झालेत, त्यांचं काय? बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक अ‍ॅसिड मोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. आपल्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वीच गमावलं. पेग्लोटिकेज हे औषध म्हणजे तेच एन्झाइम शिरेतून परत देणं. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. काहींच्या गाठी महिन्यांत विरघळल्या, पण चाचण्यांमध्ये निम्म्याहून कमी लोकांतच परिणाम टिकला. इतरांच्या शरीराने औषधालाच परकं ठरवून अँटिबॉडी तयार केल्या. मग सोबत मेथोट्रेक्सेट देऊन पाहिलं, तर सहा महिन्यांनी ७१ टक्के रुग्णांत परिणाम टिकून होता. नुसत्या पेग्लोटिकेजवर ३९ टक्क्यांत. २०२२ मध्ये या जोडीलाही मान्यता मिळाली.

दारू आणि मांसाहाराने त्रास वाढतो, ते खोटं नाही. पण बहुतेकांचं मूळ दुखणं ताटात नसून मूत्रपिंडात आहे. ती युरिक अ‍ॅसिड पुरेसं बाहेर टाकत नाहीत आणि त्यात अनुवंशाचा मोठा वाटा असतो. 'खाण्यामुळे झालंय' या लाजेपोटी माणूस दुखणं लपवतो, दुखणं थांबलं की गोळीही सोडतो, आणि आत स्फटिक साचतच राहतात. म्हणून घरात कुणाचा अंगठा सुजला, तर टोमॅटोवरून टोमणे मारू नका. रक्त तपासायला डॉक्टरकडे न्या, आणि सुरू केलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका.